जुने ते सोने, पण कोणाचे?



वसंत ऋतूत आपल्याकडे दोन प्रकारचे मांडव पडतात. एक व्याख्यानांचा आणि दुसरा जत्रेचा. आमचे बालपण दुसऱ्या मांडवात गेले, आणि शिक्षण, जे काही झाले ते, पहिल्या मांडवात झाले. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, संघटनेच्या कचेरीत आणि अशा व्याख्यानांना शेवटच्या रांगेत बसून. म्हणून चित्रपटाच्या इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार पंडिताचा नव्हे. तो तिकीट काढून, आणि पुष्कळदा न काढता, सिनेमा पाहणाऱ्या माणसाचा आहे.

हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. आमच्या वयाची चार माणसे पारावर बसली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतो, "पूर्वीचे सिनेमे ते सिनेमे. आता काय राहिले आहे?" बाकीचे तिघे मान डोलावतात. पलीकडे मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली पोरे हसतात. आम्हीही मान डोलावणाऱ्यांपैकीच एक आहोत. परंतु मजुरांच्या संघटनेत तीस वर्षे काढल्यावर एक खोड लागते. "पूर्वी बरे होते" असे कोणी म्हटले की, "कोणाला बरे होते?" असा प्रश्न तोंडातून आपोआप निघतो. तोच प्रश्न आज सिनेमाला विचारून पाहू.

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात आमचे सोनारी गाव. काळभैरवनाथाचे देऊळ आणि देवळाभोवतीची वानरे यांमुळे पंचक्रोशीत त्याचे नाव आहे. चैत्रात नाथाची यात्रा भरते. याच सुमारास साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन, कोयता बांधून गेलेली माणसे परत आलेली असतात. उचल फिटून चार पैसे उरलेच, तर ते याच दिवसांत हाताशी असतात. फिरता सिनेमा यात्रेमागून यात्रा करी, त्याचे गणित हेच होते. देव तर असेच. पण सुगी आणि मजुरीचा पैसा गावात येई, तेव्हाच तंबूही येई.

एक ट्रक, त्याच्यावर प्रोजेक्टर, मागे जनरेटर, कनाती, बांबू आणि कर्णा. दिवसभर जीप गावोगाव फिरून कागद वाटी. अंधार पडला की पडदा ताणला जाई. पडद्याच्या पुढे पैसेवाले, आणि कनातीच्या फटीतून मागे शिरलेली आम्ही पोरे. मागून पाहिले की सगळे उलटे दिसे. वीर डाव्या हाताने तलवार चालवी आणि नावे उजवीकडून डावीकडे धावत. आमच्या गावातल्या कित्येकांना ती उलटी अक्षरे सहज वाचता येत. सुलटी वाचताना मात्र अडखळायला होई. प्रोजेक्टर एकच असल्याने रीळ संपले की दिवे लागत. त्या पाच मिनिटांत पुढे काय होणार यावर पैजा लागत, मुले हरवत आणि सापडत. फिल्म तुटली की ऑपरेटरच्या नावाने शिट्ट्या वाजत. तो बिचारा घामाघूम होऊन ती चिकटवी आणि कार्बनच्या कांड्या जुळवून पुन्हा उजेड पाडी.

आता या तंबूची कुळी पाहू. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखवली गेली. तो साहेबांचा खेळ होता. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि खेळ आपला झाला. फाळके पुढे आपली यंत्रे घेऊन गावोगाव फिरले. म्हणजे तंबूचे मूळ पुरुषही तेच. त्या चित्रपटाच्या इतिहासात आम्हाला अधिक जवळची वाटतात ती दुसरीच दोन माणसे. तारामतीचे काम करायला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ते केले अण्णा साळुंके यांनी. ते ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात आचारी होते. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. दुसऱ्या सरस्वतीबाई फाळके. फिल्मला कडेची छिद्रे पाडणे, ती धुणे आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे त्यांचे काम. पहिल्या चित्रपटाचा जयजयकार करताना एका हॉटेल कामगाराचे आणि एका गृहिणीचे श्रम त्यात होते, हे आम्ही आमच्या सभांतून आवर्जून सांगतो.

फाळक्यांनंतर कोल्हापूरचे बाबुराव पेंटर. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. नारायण हरी आपट्यांची कथा, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकाराच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. देव, राक्षस आणि राजे यांच्या त्या काळात ही गोष्ट पडद्यावर आणणे ही मोठी छाती होती. आमच्या मराठवाड्याची ती सरळसरळ जीवनकहाणी होय. येथे सावकाराच्या जागी मुकादम घाला आणि गिरणीच्या जागी उसाचा फड. कथेत फारसा बदल करावा लागणार नाही.

परंतु तो मूकपट आज कोणाला पाहता येत नाही. तो उरलेला नाही. बोलपट येण्यापूर्वी हिंदुस्थानात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले अगदी थोडे हाती लागले आहेत. नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, जपायला अवघड. त्यातून खेळ चालेनासा झाला की चांदी काढून घेण्यासाठी ती मोडीत विकत. आपण म्हणतो जुने ते सोने, पण त्या काळच्या धंद्याच्या दृष्टीने जुने ते रद्दी होते, फार तर चिमूटभर चांदी. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर डबे गोळा केले, म्हणून फाळक्यांचा 'कालिया मर्दन' आपल्याला दिसतो. त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि पुष्कळ ठेवा गेला.

यातून एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. काळाने चाळण लावली आहे. वाईट चित्रपट विसरले गेले, आणि चांगल्यांपैकीही कित्येक मेले. जे उरले त्यातले उत्तम घेऊन आपण त्याची तुलना कालपरवाच्या भल्याबुऱ्या सगळ्या मालाशी करतो. एका बाजूला निवडलेले गहू आणि दुसऱ्या बाजूला खळ्यावरची रास. हा न्याय नव्हे.

तरीही निवडलेल्या गव्हाचे मोल कमी होत नाही. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीचेच पाहा. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', १९३७ चा 'कुंकू', १९३९ चा 'माणूस'. आणि १९३६ चा दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम'. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या तंबूत तो आम्ही आजीबरोबर पाहिला, म्हणजे निघाल्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. प्रत झिजलेली, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. पागनीस दिसताच आजीने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडले. जिजाई चिडून बोलू लागली तेव्हा मात्र ती शेजारणीला म्हणाली, "खरंच बोलती बाई. घरात दाणा नाही तर काय करावं तिनं?" तुकोबांना नमस्कार आणि जिजाईला पाठिंबा, असा तिचा दुहेरी कौल होता. पुढे आम्ही समीक्षेची पुस्तके वाचली. इतके नेमके आम्हाला कोठे सापडले नाही.

त्यानंतर आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला. १९५३ चा तो चित्रपट राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक घेऊन गेला. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या', १९७२ मध्ये 'पिंजरा'. तंबूला या चित्रपटांनी जगवले. पण यांच्यामागून निघालेली ओळीने तमाशापटांची रांगही आम्ही पाहिली आहे. तोच पाटील, तीच बारी, तोच फेटा. ते आज कोणाच्या आठवणीत नाहीत, आणि बरेच झाले.

१९८० नंतर गावात व्हिडिओ आला. वर्गणी काढून, भाड्याने संच आणून, एका रात्रीत तीन सिनेमे पाहण्याची चाल पडली. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. मग केबल, मग डिस्क, मग मोबाईल. दर खेपेला पडदा लहान झाला आणि शेजारी बसणारी माणसे कमी झाली. तंबूच्या अखेरच्या दिवसांवर २०१३ मध्ये गजेंद्र अहिरे यांनी 'टुरिंग टॉकीज' काढला. २०१६ साली आपल्याच फिरत्या सिनेमावरचा एक माहितीपट कान येथे वाखाणला गेला. तंबू मोडू लागला तेव्हा तो जगाला दिसला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे व्याख्यान अप्रामाणिक होईल.

१९९८ च्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीत एका तंबूचा ऑपरेटर आला. आम्ही लहानपणापासून त्याला मामा म्हणत असू. कनातीखालून शिरताना त्याने आम्हाला कितीदा पाहिले असेल आणि पाहून न पाहिल्यासारखे केले असेल. मालकाने धंदा बंद केला होता. सात माणसे होती, कोणी वीस, कोणी पंचवीस वर्षे राबलेली. हातावर काही न ठेवता त्यांना घरी पाठवले होते. मामाने विचारले, "आमचं काही होतंय का?" आम्ही तेव्हा नव्या उत्साहाने भरलेले पुढारी. आम्ही म्हणालो, "मामा, तुमचे आज इथे तर उद्या तिथे. कारखाना असता तर भांडलो असतो." मामाने टोपी उचलली. "बरं," म्हणाले आणि गेले.

उसाच्या फडामागे गावोगाव फिरणाऱ्या मजुरांची संघटना आम्ही बांधत होतो, आणि फिरता आहे म्हणून एका कामगाराला परत पाठवत होतो! ही विसंगती तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. आठ-दहा वर्षांनी कायद्याची पुस्तके चाळताना १९८१ चा सिनेकामगार व चित्रपटगृह कामगारांचा कायदा हाती पडला. परवाना असलेल्या ज्या चित्रपटगृहात पाच किंवा अधिक कामगार असतील, तेथे भविष्यनिर्वाह निधीचा आणि उपदानाचा कायदा लागू होतो, असे त्यात तेव्हा होते. मामांची माणसे सात होती. आमच्या अज्ञानाला त्या दिवशी वय झाले. भांडून यश आलेच असते असे आम्ही म्हणत नाही. तंबूची जागा त्या व्याख्येत बसते की नाही यावरच मालकाने वाद घातला असता, आणि तोही कर्जात होता. पण भांडता आले असते. आम्ही मामांच्या गावी गेलो. मामा दोन वर्षांपूर्वीच गेले होते आणि मुलगा ऊसतोडीला गेला होता. मामींनी चहा केला. आम्ही कशासाठी आलो ते आम्हाला नीट सांगताही आले नाही.

तेव्हापासून "पूर्वीचे दिवस सोन्याचे" असे कोणी म्हटले की आम्हाला मामांची टोपी दिसते. सोने होते, यात शंका नाही. ते आपल्या वाट्याला आले. पडद्यावर उजेड पाडणाऱ्याच्या वाट्याला काय आले, हा हिशेब आपण केला नाही.

आता नव्याकडे वळू. व्हेनिसमध्ये 'संत तुकाराम'च्या गौरवानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, २०१४ साली, चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने तेथे दोन बक्षिसे मिळवली. त्यात लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ च्या साथीत ते गेले. आणि २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' लागला. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. आमची भाषा, आमच्या विहिरी, आमचा ऊस प्रथमच पडद्यावर जसाच्या तसा दिसला. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची पोर हैदराबादेत जाऊन कारखान्यात बाटल्या भरते, तेथे आमच्या भोवतीच्या पोरी एकदम गप्प झाल्या. त्या गाण्यांवर नाचत होत्या, आणि शेवटी उठायला तयार नव्हत्या. 'सावकारी पाश'मध्ये गावाने हाकललेला माणूस शहरात मजूर होतो. एक्याण्णव वर्षांनी 'सैराट'मध्येही तेच होते. पहिल्यात सावकार हाकलतो, दुसऱ्यात जात. तेव्हा जुन्यातले जे खरे सोने होते, ते नव्यात चालू आहे. पारावरच्या आमच्या मित्रांनी एवढे तरी कबूल करावे.

मग तंबूची हुरहुर का वाटते? आमच्या मते ती चित्रपटांसाठी नाही. ती शेजारच्या माणसांसाठी आहे. आजीचा कौल आम्हाला कळला, कारण ती मोठ्याने बोलली आणि आम्ही शेजारी होतो. आज आमचा नातू तोच 'संत तुकाराम' मोबाईलवर पाहू शकतो. तंबूतल्यापेक्षा प्रत चांगली, अक्षरे सुलटी. परंतु तो कानाला तार लावून एकटाच पाहतो. त्याला जिजाईबद्दल काय वाटले, हे आम्हाला विचारावे लागते. म्हणून हल्ली आम्ही विचारतो. गेल्या यात्रेत शाळेच्या भिंतीला चादर लावून, मागून आणलेल्या यंत्रावर, आम्ही एक सिनेमा दाखवला. वानरांनी चादर एकदा ओढली. माणसे फार नव्हती. जी होती ती बोलली.

यंत्र चालवणाऱ्या पोराला त्या रात्रीचे पैसे आम्ही खेळ सुरू होण्यापूर्वी दिले. तो म्हणाला, "काका, नंतर दिले तरी चालले असते." आम्ही म्हणालो, "नाही बाबा, चालले नसते."