आडनाव काय लिहू?

जून महिन्यात शाळा उघडली की प्रवेशाचे रजिस्टर माझ्या टेबलावर येते. माझे अक्षर बरे आहे, एवढेच त्याचे कारण. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख हे रकाने झरझर भरत जातात. आडनावापाशी मात्र अजूनही माझा हात थांबतो. त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे.

तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी असाच एक बांधकामावरचा मजूर मुलाचे बोट धरून शाळेत आला. मी नवा मास्तर, बाहेर पालकांची रांग लागलेली. "आडनाव काय लिहू?" मी विचारले. तो म्हणाला, "आडगावचे हाव जी आम्ही." मी 'आडगावकर' लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्याला वाचता येत नव्हते आणि मला दुसऱ्यांदा विचारायला सवड नव्हती. त्या एका शब्दाने पुढे काय केले ते सांगेनच. पण आडनावांचा नाद मला लागला तो त्या पायी.

आपल्या पूर्वजांचे आडनावावाचून फारसे अडत नव्हते. पैठणचे नाथमहाराज नुसते एकनाथ. जांबेचे समर्थ घराण्याने ठोसर. घरात गावचे कुळकर्णही होते. पण जगाने त्यांना रामदास या नावानेच ओळखले. निजामाच्या अमलातील जुनी कागदपत्रे पाहिली तर तेथे 'अमुक वल्द तमुक, साकिन अमुक गाव' एवढ्यावर पुष्कळदा भागते. बापाचे नाव कळले, गाव कळले, सरकारचे काम झाले!

मग ही आडनावे आली कोठून? आमच्या मराठवाड्यात निम्मी तरी गावांवरून आली असावीत, असा माझा शाळेच्या हजेरीपटावरून बांधलेला अंदाज आहे. नांदेडकर, उदगीरकर, देगलूरकर, गंगाखेडकर, परळीकर, वेरूळकर. मौज अशी, की पैठणकर शोधायला पैठणला जाऊ नये. पैठणात सारेच पैठणचे. तेथे ते नाव कोण कोणाला लावील? माणूस गाव सोडतो, परगावी बिऱ्हाड करतो, आणि तेथले शेजारी त्याला मागच्या गावाच्या नावाने हाक मारू लागतात. म्हणजे कोणा पणजोबाने एके दिवशी घराला कुलूप घातले, त्याची ही आठवण. दुष्काळाने घातले, साथीने घातले की भाऊबंदकीने, ते आडनाव सांगत नाही.

आमच्या शहराचेच पाहा. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, तिचे फत्तेनगर केले. १६५३ साली औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झाले. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. स्टेशनावरची पाटी बदलली, टपालाचा पत्ता बदलला. पण कधीकाळी येथून बाहेर पडलेले औरंगाबादकर आपापल्या गावी औरंगाबादकरच आहेत.

दुसरी मोठी पेठ वतनांची. गावाचा हिशेब ठेवी तो कुलकर्णी, परगण्याचा ठेवी तो देशपांडे. गावचा वसूल करी तो पाटील, परगण्याचा करी तो देशमुख. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली, वसुलीला पगारी अंमलदार नेमले आणि देशमुख-देशपांड्यांना 'रुसूम' लावून घरी बसविले. तिकडे मुंबई राज्यात कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले. हिशेबाची वही गेली, आडनाव राहिले. माझ्या वर्गातील एका कुलकर्ण्याला बेरीज येत नाही, हे मी त्याच्या आजोबांना अजून सांगितलेले नाही.

फारशीतला 'नवीस' म्हणजे लिहिणारा. तो आपल्या चिठ्ठीला येऊन चिकटला आणि चिटणीस झाला; फारशी पत्रे लिहिणारा पारसनीस झाला. हुद्दा एकदा मोठा झाला की मूळ आडनावाला गिळून टाकतो. नाना फडणवीस हे वेळासचे भानू. पण 'नाना भानू' म्हटले तर कोण ओळखील? शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे.

उलट उदाहरण आमच्या वेरूळचे. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती, तरी ते पाटील झाले नाहीत, भोसलेच राहिले. तेथल्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला आणि पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर. अहिल्याबाई मात्र जन्मल्या चौंडीच्या शिंद्यांच्या घरी. होळ हे त्यांच्या सासरच्यांचे मूळ गाव. तेच नाव त्यांच्या मागे इतिहासभर राहिले. दिवाळीला जमलेल्या बायकांची माहेरची आडनावे कोणी एकदा कागदावर मांडावीत. निम्मे घराणे त्या कागदावरच सापडेल!

जाधवांचे नाते देवगिरीच्या यादवांशी सांगतात. सिंदखेडचे लखुजी जाधव तर त्याच वंशातले म्हणविले जात. मोऱ्यांत मौर्य, कदमांत कदंब, शेलारांत शिलाहार, साळुंख्यांत चालुक्य विद्वानांनी पाहिले आहेत. वाचायला गोड वाटते. पण माझ्या वर्गात या वर्षी तीन जाधव आहेत. तिघांच्या तीन जाती. देवगिरीच्या राजाशी त्यांतल्या कोणाचे नाते आहे ते मी काय सांगणार? तरी पालकसभेत एक गृहस्थ दुसऱ्याला हळूच विचारताना मी ऐकले, "जाधव म्हणजे... कोणते जाधव?" हा प्रश्न आमच्याकडे फार चालतो. घर भाड्याने देताना चालतो, डबा उघडतानाही चालतो. २०२५ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढली आणि नुसती नावे ठेवली, ती याच प्रश्नाला कंटाळून.

आता त्या आडगावकराचे. मजुराचे खरे आडनाव वाघ. तो वारला तेव्हा गावी दोन एकर जमीन होती, सातबारावर 'वाघ'. थोरला मुलगा शाळेत गेलाच नव्हता, म्हणून तो वाघ; धाकटा माझ्या रजिस्टरात बसला, म्हणून त्याच्या प्रत्येक कागदावर आडगावकर. दोघे सख्खे भाऊ, हे कचेरीला पटेना. वारसाची नोंद अडली, त्या वर्षीचे पीककर्ज गेले. तो शाळा सोडल्याचा दाखला घेऊन माझ्याकडे आला. एका शब्दाने रागावला नाही, त्यामुळे मला अधिकच मेल्यासारखे झाले. मी प्रतिज्ञापत्र करून दिले, त्याच्याबरोबर खेटे घातले. दहा महिन्यांनी नोंद झाली.

मी म्हणालो, "आता राजपत्रात जाहिरात देऊन वाघ करून घे. खर्च माझा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नको गुर्जी. भाऊ वाघ सांगतो, तर लोक लगेच इचारतात, कोणते वाघ? मी आडगावकर सांगतो, तर आडगाव कुठं आलं तेवढं इचारतात."

यंदाच्या जूनमध्ये तो पुन्हा आला, मुलीला पहिलीत घालायला. मी रजिस्टर पुढे ओढले. मुलीचे नाव लिहिले, आईचे लिहिले, बापाचे लिहिले. आडनावाच्या रकान्यापाशी आलो आणि पेन उचलून विचारले, "आडनाव काय लिहू?"

तो हसला. "तुम्हीच ठेवलंय की, गुर्जी. तेच लिहा."

मी लिहिले, आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवले.