बिघाडाचे व्याकरण

‘अपभ्रंश’ हा शब्द वैयाकरणांनी भ्रष्ट रूपांसाठी योजला. पुढे तेच एका समृद्ध साहित्यभाषेचे नाव झाले. गिटारच्या ‘फझ’ या घोगऱ्या, फाटक्या ध्वनीचा इतिहास असाच आहे. नॅशव्हिलमधील एका ध्वनिमुद्रणात मिक्सिंग कन्सोलमधील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर फाटला. तो तसाच ठेवून मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे १९६१ मध्ये प्रकाशित झाले. ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड ट्रान्झिस्टरद्वारे हेतुपुरस्सर घडवला आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीचे ‘माएस्ट्रो फझ-टोन’ पेडल बाजारात आले.

घरी असे पेडल जुळवणाऱ्याची अडचण या जन्मकथेतच आहे. १९६६ च्या ‘फझ फेस’मध्ये अवघे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, परंतु एकाच क्रमांकाच्या दोन नगांचे विवर्धन व गळती सारखी नसते, शिवाय ती तापमानानुसार बदलते. त्यामुळे आराखड्याबरहुकूम केलेली जोडणीही कधी मुकी राहते, कधी तुटक बोलते. डाख तपासून झाल्यावर ९ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपाशी साधारण साडेचार व्होल्ट मिळेपर्यंत रोध बदलून पाहतात. त्यानंतर मोजमापाचे काम संपते. कोणता दोष काढायचा आणि कोणता राखायचा, याचा निवाडा कानालाच करावा लागतो.