नाईलकांठचें रक्तमूत्र

लघवींतून रक्त जाऊं लागलें कीं धीराचा मनुष्यहि गांगरतो, आणि तें रास्तच आहे. मुतखडा, मूत्रमार्गाचा दाह, मूत्रपिंडाचे विकार, क्वचित् कर्करोग, अशीं त्याचीं कारणें नाना. कधीं लघवी लाल दिसते. कधीं डोळ्यांस कांहींच न दिसतां सूक्ष्मदर्शकाखालींच रक्त उमगतें. पण एका देशांत लोक या लक्षणाची भीतीच विसरले होते.

तो देश इजिप्त. नाईलच्या कालव्यांत पोहणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना लघवीच्या अखेरीस रक्ताचे थेंब पडत, आणि मुलगा वयांत आल्याची ती खूण समजली जाई! घरोघरीं जडलेला रोग रोग वाटत नाहीं, हेंच खरें. १७९८ सालीं नेपोलियनबरोबर आलेल्या फ्रेंच सैनिकांनाहि तीच व्यथा जडली. कारण मात्र कोणास उमगलें नाहीं.

१८५१ सालीं कैरोच्या कस्र-अल्-ऐनी रुग्णालयांत शवविच्छेदन करतांना थिओडोर बिल्हार्झ या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरास यकृताकडे जाणाऱ्या नीलेंत एक कृमि सांपडला. नर पन्हळीसारखा वळलेला, आणि त्या पन्हळींत बारीक मादी! याचीं कांटेरी अंडीं मूत्राशयाची भिंत फोडून बाहेर पडतात, म्हणून रक्त. १९१० मध्यें मार्क आर्मां रूफर यांनीं सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या ममींच्या मूत्रपिंडांतहि तींच अंडीं दाखविलीं. पुढच्याच वर्षीं कैरोचे फर्ग्युसन यांनीं मूत्राशयाच्या कर्करोगाशीं या व्याधीचा संबंध जोडला. तेव्हां त्या थेंबांची थट्टा उरली नाहीं.

कृमि शरीरांत शिरतो कसा, तें १९१५ सालीं लायपर यांनीं उलगडलें. लघवींतलीं अंडीं पाण्यांत फुटतात, अळी गोगलगाईंत वाढते, आणि तींतून सुटलेलीं पुच्छधारी पिलें पाण्यांत उतरलेल्याची कातडी भेदतात. म्हणजे जो शेतकरी पाणी दूषित करी, तोच त्या पाण्यांत उभा राही.

१९१८ सालीं खार्टूमला ख्रिस्टोफरसन यांनीं अँटिमनीची सुई यशस्वी केली. पुढें इजिप्त सरकारनें गांवोगांव तीं इंजेक्शनें दिलीं. पण सुया नीट निर्जंतुक न होतां अनेकांना टोंचल्या गेल्या, आणि एका रोगाच्या औषधानें यकृताचा दुसरा रोग, हेपटायटिस सी, पसरला. पोटांत घेण्याच्या प्राझिक्वांटेल या औषधानें तो धोका टळला.

आपल्याकडे हें नाहीं, असें मात्र समजूं नये. १९५२ सालीं गाडगीळ व शहा या डॉक्टरांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवच्या लोकांच्या लघवींत अशींच अंडीं आढळल्याचें प्रसिद्ध केलें. तेथें संशय गेला तो इजिप्तमधल्या गोगलगाईवर नव्हे, तर फेरिसिया तेन्युइस नांवाच्या दुसऱ्याच चिमुकल्या गोगलगाईवर.