सिंदफणेवरचा बांध, चित्रातले माप

संगणकावर वास्तूचे भूदृश्य रचताना येणारा मापाचा प्रश्न मराठवाड्याला जुनाच आहे. चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतल्या इवल्या माणसांमुळेच कातळाची उंची कळते. तोच प्रश्न सिंदफणा नदीवरचे माजलगावचे मातीचे धरण संगणकावर रचताना येतो: ते सुमारे साडेसहा किलोमीटर लांब, उंची मात्र जेमतेम ३१ मीटर. उंची ताणल्याशिवाय भव्यता जाणवत नाही, असा आक्षेप येईल. पण ताणलेला बांध काँक्रीटच्या भिंतीसारखा दिसतो, मातीचा सौम्य उतार हरवतो. इथली भव्यता लांबीत आहे. म्हणून चित्रात जवळच्या दगडी पिचिंगचा, म्हणजे उतारावरच्या दगडी अस्तराचा, एकेक दगड ठसठशीत हवा, त्यावर एखादा शेळ्या राखणारा, आणि बांधाचे दूरचे टोक उन्हाळी धुरळ्यात फिकट होत गेलेले.