गाव कुठे संपते?

गाव म्हणजे काय, असे आपल्या मंडळाच्या सभासदांस विचारले तर पार, पाणवठा, ग्रामदैवत असे काहीबाही उत्तर येईल, आणि ते चुकीचेही नसेल. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याचे उत्तर रुक्ष आहे. आपल्या जनगणनेत व्याख्या आहे ती शहराची. शहर वगळून जे उरते ते ग्रामीण. देशातील बहुसंख्य माणसे अशी 'उरलेली' म्हणून मोजली गेली आहेत.

1901च्या जनगणनेत नगरपालिका, छावण्या आणि पाच हजारांहून कमी नसलेली सलग वस्ती यांस नगर म्हणत. मात्र अशा वस्तीस नगर मानावे की नाही हे प्रांताच्या अधीक्षकाच्या मर्जीवर असे. 1961 साली ही मर्जी आवरली गेली आणि कसोट्या ठरल्या. पुढे थोड्या फेरफाराने त्या अशा झाल्या: लोकसंख्या किमान 5000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात. नगरपालिका असेल तर या कसोट्यांची गरज नाही. 'पुरुषांपैकी' हा शब्द 1981 सालचा. घरी चार म्हशी सांभाळून दूध घालणारी बाई गाव की शहर या निवाड्यात तेव्हापासून मोजली जात नाही.

ही रेघ निव्वळ गणतीची राहिली असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते; पण आरोग्याचा पैसा तिच्या मागोमाग गेला. 1946 साली भोर समितीने खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. 1952 पासून सामूहिक विकास योजनेबरोबर ती गटागटांत उतरू लागली. पुढे प्रमाण ठरले: सपाटीवर तीस हजार लोकांमागे एक केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांमागे, आणि उपकेंद्र अनुक्रमे पाच व तीन हजारांमागे. गुजरातेत 1963 पासून ही व्यवस्था जिल्हा पंचायतीकडे आली. हिशेब स्वच्छ होता. त्यात फक्त एक गृहीत होते, की गाव जागच्या जागी राहते.

सुरतेभोवतालची गावे जागच्या जागी राहिली नाहीत. तापीकाठाने भुसावळहून येणाऱ्या रेल्वेने खानदेश सुरतेच्या दारात आणून सोडला होता. यंत्रमाग वाढले तशी धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे उधना, लिंबायत भागात उतरली, आणि जागा पुरेना तेव्हा हद्दीबाहेरच्या गावांत. फेब्रुवारी 1991च्या जनगणनेचे थोडे काम माझ्याकडे होते. हद्दीलगतच्या एका गावी (नाव सांगत नाही) मूळ गावठाण, ज्याला इकडे गामतळ म्हणतात, ते जेमतेम काही गल्ल्यांचे होते. त्याला वेढून शेतांत पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी. खोलीत पाळीपाळीने झोपणारे सातआठ जण. त्यांना 'तुमचे गाव कोणते?' विचारले की उत्तर शिरपूर, शहादा, अमळनेर. ज्या गावात ते राहत होते ते त्यांच्या लेखी गावच नव्हते.

उपकेंद्राची परिचारिका भेटली. तिच्याकडची कुटुंबांची यादी गामतळाची होती आणि लशीही त्या यादीपुरत्याच येत. खोल्यांतील बायका बाळे घेऊन आल्या तर ती परत पाठवीत नसे. त्यांची नावे एका वेगळ्या वहीत लिही, आणि ती वही वर कोणी मागत नसे. मी अहवालात हे एका वाक्यात लिहिले. ते वाक्य पुढे कोठे गेले ते कळले नाही. मीही विचारले नाही.

1994च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिज्वराच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसांचा प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. ती गेली कुठे? आपापल्या 'गावी'. शहरातील साथीचा भार ज्या तालुक्यांवर जाणार होता, तेथील केंद्रे तीस हजार स्थायिकांच्या हिशेबाने उभी होती. पुढे 1995 साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत झालेली शहराची सफाई देशभर वाखाणली गेली, आणि ते योग्यच होते. पण महापालिकेचा झाडू कायद्यानेच हद्दीपाशी थांबतो.

मग हद्दच सरकली. 2006 साली महापालिकेचे क्षेत्र सुमारे 112 चौरस किलोमीटरवरून 326वर गेले; अमरोली, वेसू यांसारखी गावे शहरात आली. 2020 साली सचीन आणि कनकपूर-कनसाडही आले. दरम्यान 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. शहरांसाठीचे अभियान यावयास 2013 उजाडले. हद्दीतले गरीब इतकी वर्षे कोणत्याच अभियानात नव्हते. आणि 2011च्या जनगणनेत देशात 3894 'जनगणना नगरे' निघाली (2001 साली ती 1362 होती); म्हणजे गणतीत शहर, कारभारात ग्रामपंचायत. 50 हजारांहून लहान नगरे ग्रामीण अभियानानेच सांभाळावीत, असे 2013 साली ठरले. उशिरा का होईना, ते शहाणपणाचे होते.

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास साधने पुष्कळ आहेत. 1877चे सुरत-भडोचचे गॅझेटियर, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, केंद्र सरकारची ग्रामीण आरोग्य सांख्यिकी. मात्र पुस्तिकेतील 'गाव' महसुली असते, आणि सांख्यिकीतील तूट जनगणनेच्या ग्रामीण लोकसंख्येवरून काढलेली असते. दोन्ही शेजारी ठेवताना वर्ष आणि हद्द तपासून घ्यावी. 2021ची गणना लांबल्यामुळे तर ही खबरदारी दुप्पट हवी. निवृत्तीनंतर मी त्या एका गावापुरते ही सारी साधने चाळून पाहिली. 1991ची लोकसंख्या सापडली, तिच्यात खोल्यांतील माणसे धरलेली आहेत. परिचारिकेची वेगळी वही मात्र कोठेही उतरलेली नाही. त्या दिवशी तिची नक्कल करून घेण्यास अर्धा तास पुरला असता.