गोठलेलें भाडें

देवळ्यासारख्या गांवाहून मुंबईस गेलेल्या मनुष्यास नोकरीहूनही खोली मिळविणें अवघड जाई. यामागें एका कायद्याचा मोठा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धांत मुंबईंतील भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं सरकारनें त्यांस प्रथम लगाम घातला. पुढें १९४७ चा कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच सामान्यतः प्रमाण ठरलें. गरीब भाडेकरूच्या डोक्यावरचें छप्पर टिकलें, हें थोडें नव्हे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदती वाढवीत पन्नास वर्षें जगला! विटा, चुना, गवंड्याची मजुरी, सारेंच महागलें. भाडें मात्र जागचें हललें नाहीं. मालकांनीं डागडुजी सोडली, आणि बाजारानें आडवाट काढली: पागडी. ती घेणें गुन्हा, आणि ती दिल्यावांचून खोली मिळणें दुर्मीळ. मोडकळीस आलेल्या चाळींसाठीं १९६९ सालीं कायदा करून उपकर बसवावा लागला व दुरुस्तीचें स्वतंत्र मंडळ नेमावें लागलें.

१९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हीं गोठलेलीं भाडीं काळाच्या ओघांत अवाजवी झालीं असा निर्णय दिला. १९९९ च्या नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा ४ वाढ मान्य केली. आणि ज्या पागडीस इतकीं वर्षें गुन्हा म्हटलें, तीही त्याच कायद्यानें राजमान्य झाली.