घर आपले, कागद कुणाचा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. इथे लेस्टरमध्ये घर बांधण्याची वेळ सहसा येत नाही. ते विकत घ्यायचे, नाहीतर भाड्याने. पण म्हणीतली दगदग तीच. गेल्या गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर प्रसादाच्या रांगेत दोन कुटुंबांनी मला घराविषयी विचारले. एका तरुण जोडप्याला ओडबीत घर घ्यायचे आहे आणि त्यासाठी मुलाचे आई-वडील ठाण्याचा फ्लॅट विकून पैसे देणार आहेत. दुसऱ्या कुटुंबाला निवृत्तीनंतर राहण्यासाठी फ्रान्समध्ये लहानसे घर पाहायचे आहे. मी वकील नाही. पण पन्नास वर्षांहून अधिक काळ या गावात काढला, थोडे भोगले, थोडे वाचले. दोघांना रांगेत उभ्या-उभ्या जे सांगता आले नाही, ते इथे लिहितो.

परक्या मुलखात आपल्या माणसाला राहायला जागा मिळत नाही, हे दुखणे जुने आहे. १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनच्या हायगेट भागात 'इंडिया हाउस' काढले. पुढच्या वर्षी सावरकर तिथे राहायला आले आणि ते घर इतिहासात गेले. पण मुळात ते हिंदी विद्यार्थ्यांची राहण्याची सोय म्हणून घेतलेले वसतिगृह होते.

त्यानंतर साठ वर्षांनीही फारसा फरक पडला नव्हता. १९६५ साली वंशभेदविरोधी पहिला कायदा झाला, पण त्यात घरांचा समावेश नव्हता. १९६७ साली पी.ई.पी. या संशोधन संस्थेने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच जागेसाठी एक वेस्ट इंडियन, एक हंगेरियन आणि एक इंग्रज असे तिघे पाळीपाळीने पाठवले. वेस्ट इंडियन माणसाला अनेकदा 'जागा गेली' असे उत्तर मिळे आणि तीच जागा मागून येणाऱ्याला मिळे. हंगेरियनही परकाच होता, पण गोरा होता. १९६८ च्या कायद्याने घर विकताना किंवा भाड्याने देताना असा भेद करणे बेकायदा ठरले. तरी मालक स्वतः त्याच लहान घरात राहत असेल तर त्याला सूट होती.

मी १९७३ साली इथे आलो तो त्या कायद्यानंतर. तरीही तीन ठिकाणी खोली 'नुकतीच गेली' होती. फोनवर ती रिकामी असे, दारात गेल्यावर भरलेली असे. शेवटी हायफील्ड्समध्ये एका पंजाबी गृहस्थांनी माडीवरची खोली दिली. अशा वेळी भाडेकरू राहण्यापेक्षा लहानसे का होईना, स्वतःचे घर घ्यावे असे वाटू लागते. त्या काळी आपल्या लोकांनी इतक्या लवकर घरे घेतली, ती श्रीमंतीमुळे नव्हे. भाड्याचे दार बंद होते म्हणून.

१९७२ ची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये इदी अमीन यांनी युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. सप्टेंबरमध्ये लेस्टर सिटी कौन्सिलने 'युगांडा आर्गस' या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कळवले की, घरांसाठी मोठी रांग आहे, शाळा भरल्या आहेत, तेव्हा आपल्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. तरी हजारो आले, कारण नातेवाईक इथे होते. बेलग्रेव्हमध्ये होजिअरी आणि बुटांच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी जुन्या काळी बांधलेली चाळीवजा घरे होती. अनेकांत संडास परसात होता, न्हाणीघर नव्हते. जुने रहिवासी ती सोडून चालले होते, म्हणून ती स्वस्त होती. १९६९ आणि १९७४ च्या हाउसिंग कायद्यांनी अशा वस्त्या पाडण्याऐवजी सुधारण्यावर भर दिला आणि दुरुस्तीसाठी अनुदाने मिळाली. आज मेल्टन रोडवर दिवाळीची रोषणाई बघायला आपण मुलांना घेऊन जातो, तो भाग असा उभा राहिला.

आता माझ्या घराची गोष्ट. १९७५ साली नारबरो रोडजवळ मी एक घर पाहिले. बिल्डिंग सोसायटीने 'घर फार जुने' म्हणून कर्ज नाकारले. अखेर कर्ज कौन्सिलकडून मिळाले. डिपॉझिटाचे पैसे माझ्याकडे पुरेसे नव्हते. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे भारतातून पैसे आणण्याची सोय नव्हती. तेव्हा कॉव्हेंट्रीला कारखान्यात असलेल्या माझ्या थोरल्या भावाने आपली शिल्लक काढून दिली. अर्ध्याहून जास्त डिपॉझिट त्याचे होते, पण खरेदीखतावर नाव माझे एकट्याचे. सॉलिसिटरने विचारले तेव्हा दादाच म्हणाला, "आपल्या-आपल्यात कसला रे कागद?"

आपल्या मनात एकत्र कुटुंब असते. सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव असले तरी जमीन सगळ्यांची, हे आपण गृहीत धरतो. इंग्रजी कायदा हे गृहीत धरत नाही. पैसे देणाऱ्याचा हक्क तो काही वेळा मानतो, पण पुरावा मागतो. आणि पुरावा असूनही माणूस कसा हरतो, ते १९८७ च्या एका खटल्याने दाखवले.

हा फ्लेग कुटुंबाचा खटला. मुलगी-जावई आणि मुलीचे आई-वडील यांनी मिळून एक घर घेतले. आई-वडिलांनी आपले जुने घर विकून अर्ध्याहून जास्त किंमत दिली आणि सगळे तिथे एकत्र राहू लागले. कागदावर नावे मात्र फक्त मुलगी आणि जावई यांची. पुढे त्या दोघांनी आई-वडिलांना न कळवता घरावर कर्जे काढली आणि ती फिटली नाहीत. आई-वडिलांचे पैसे त्या घरात आहेत, याबद्दल वाद नव्हता. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या बाजूने दिला. कारण कर्जाचे पैसे कागदावरच्या दोन मालकांच्या हाती पडले, तेव्हा आई-वडिलांचा हक्क घरावरून उठून त्या पैशांवर गेला, आणि पैसे तर संपले होते. १९८० साली बोलंडबाईंच्या खटल्यात मात्र उलटे झाले होते. तिथे घर एकट्या नवऱ्याच्या नावावर होते, बायकोने किमतीत पैसे घातले होते आणि ती त्या घरात राहत होती. तिच्या हक्कापुढे बँक हरली. म्हणजे कागदावर एक नाव की दोन, एवढ्यावरून म्हाताऱ्यांचे छप्पर जाऊ शकते.

फ्लेग खटल्याची बातमी वाचून मी कॉव्हेंट्रीला गेलो. दादा रागावला. "माझ्यावर भरवसा नाही का?" म्हणाला. मी म्हटले, "दादा, तुझ्यावर आहे, माझ्या मरणावर नाही." मग कुणाचा किती हिस्सा, हे लिहून सॉलिसिटरकडून एक कागद केला. १९९४ मध्ये दादा अचानक गेला. वहिनीचा हिस्सा त्या एका पानावर ठरला. घरात एक शब्द वाढला नाही.

ओडबीच्या जोडप्याला म्हणूनच सांगायचे आहे. आज भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात, त्यामुळे आई-वडिलांची मदत सोपी झाली आहे. पण कर्ज देणारी बँक बहुधा त्यांच्याकडून एका पत्रावर सही मागते की, हे पैसे बक्षीस आहेत आणि घरावर आमचा हक्क नाही. आई-वडील विमानतळावरच्या फॉर्मसारखी सही करतात. ठाण्याचे घर विकले, इथल्या घरावर हक्क नाही. उद्या मुलाचा संसार मोडला किंवा धंदा बुडाला तर? सही करण्याआधी ते पत्र त्यांना मराठीत वाचून दाखवा आणि त्यांना वेगळ्या सॉलिसिटरकडे न्या. तुमचा सॉलिसिटर तुमचा असतो, त्यांचा नव्हे.

आता फ्रान्स. तिथे इंग्रज माणूसच परका खरेदीदार असतो. आपण इथे आलो तेव्हा जसे भांबावलो, तसा तोही भांबावतो. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकतो. फ्रान्समध्ये प्राथमिक करारावर सही झाली की विकणारा बांधला जातो, आणि घेणाऱ्याला विचार बदलायला फक्त १० दिवस मिळतात. व्यवहार नोतेर नावाच्या सरकारनियुक्त अधिकाऱ्यापुढे होतो. तो दोन्ही बाजूंचा असू शकतो, पण आपला वेगळा नोतेर नेमण्याचा हक्क आपल्याला असतो. जुन्या घरावर खर्च आणि कर मिळून किमतीच्या साधारण ७ ते ८ टक्के रक्कम वर जाते. भाड्याने घ्यायचे तर रिकाम्या घराचा करार सहसा तीन वर्षांचा आणि सामानासहित घराचा एक वर्षाचा असतो. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० च दिवस राहता येते, घर स्वतःचे असले तरी.

सर्वांत मोठा फरक वारशाचा. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासून तिथे मुलांचा वाटा राखीव आहे. आज एक मूल असेल तर अर्धा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. २०१५ पासून मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो, पण २०२१ मध्ये फ्रान्सने मुलांच्या बाजूने त्यात पाचर मारली आहे. 'सगळे हिच्या नावे' असे सरळ लिहून भागेलच असे नाही. घर घेण्याआधीच नोतेरला विचारा.

घर घेतले म्हणजे त्याचे काहीही करता येते, असेही नाही. डॉ. आंबेडकर विद्यार्थीदशेत लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहिले होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेऊन तिथे स्मारक केले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी नव्हती, म्हणून कॅम्डन कौन्सिलने हरकत घेतली. चौकशी होऊन मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. सरकारची ही गत, तर आपली काय?

थोडक्यात:

१. पैसे कुणाचे आणि किती, ते खरेदीच्या दिवशीच सॉलिसिटरकडून लिहून घ्या आणि लँड रजिस्ट्रीत तशी नोंद करता येते का, ते विचारा.

२. 'जॉइंट टेनंट' म्हणून घर घेतले तर मागे राहणाऱ्याला सगळे मिळते, मृत्युपत्र काहीही म्हणो. हिस्से वेगळे हवे असतील तर 'टेनंट्स इन कॉमन' घ्या.

३. बँकेची किंमतपाहणी बँकेसाठी असते. ओल आणि छप्पर बघायला आपला सर्व्हेअर वेगळा लावा.

४. भाड्याने राहणाऱ्यांनी डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ३० दिवसांत ठेवल्याचा कागद मालकाकडून मागावा. हा नियम इंग्लंडचा, स्कॉटलंडचा वेगळा.

'आपल्या-आपल्यात कसला कागद' हे वाक्य प्रेमाचे आहे, खोटे नाही. पण कागद केल्याने आमचे प्रेम कमी झाले नाही. ठाण्याच्या आजी-आजोबांनी सही करण्याआधी एकदा माझ्याकडे चहाला यावे, एवढेच म्हणणे. चूकभूल द्यावी घ्यावी.